एकसष्टाव्या पानावरचा दिलराज

कुवेतमध्ये फरवानियात नर्सांची बस चालवणाऱ्या दीनानाथ भुवडला इंग्रजी वाचता यायचं ते रस्त्यावरच्या पाट्यांपुरतं. मराठी छापील असेल तर बोट ठेवून ठेवून वाचायचा. पण हाताने लिहिलेलं कुणी पुढ्यात धरलं की कागदावर मुंग्या सुटल्यासारखं व्हायचं त्याला. त्याचं त्यावाचून काही अडलं मात्र नाही. खोलीत गुरुप्रसाद होता ना.

खोलीत सात जण. शुक्रवारी सुट्टी. आंघोळी उरकल्या, चहा झाला, की गुरुप्रसाद आपल्या गादीवर मांडी घालून बसायचा आणि आठवड्याची पत्रं एकेक करून फोडायचा. ज्याचं पत्र असेल त्याने जवळ जाऊन बसायचं आणि बाकीच्यांनी आपल्याला काही ऐकू येत नाही असं दाखवायचं. कुणी बटण लावत बसे, कुणी दाढी करत. खोलीची रीतच होती ती. बायकोने काही नाजूक लिहिलं असेल तर गुरू तेवढं बरोब्बर गाळायचा, आणि मग त्या माणसाला गच्चीत नेऊन कानात सांगायचा. वाचता वाचता गाळायचं आणि ऐकणाऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही, ह्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

उत्तरंही तोच लिहायचा. दीनानाथने नुसतं "आईला सांग बरा आहे" म्हटलं तर गुरू दोन पानं करायचा. गावाकडे आई लोकांना सांगायची, "आमचा दिनू घरी असताना तोंडातून शब्द काढत नसे. पत्रात बघा किती शहाण्यासारखं बोलतो."

दीनानाथचा धाकटा भाऊ विजय. त्याला गुरूनेच चिकटवलं होतं कामाला. अर्दियाला गोदामांचा पट्टा आहे, तिथे फोमच्या गाद्यांचं एक मोठं गोदाम होतं. गुरू त्या गोदामात स्टोअरकीपर. विजयला त्याने तिथे हारिस म्हणून लावला, म्हणजे वॉचमन. विजयने मग वाडीतल्या सुमनकाकूच्या मुलाला, हरिश्चंद्राला, बोलावून घेतलं. "काकू, मी आहे ना तिकडे," असं सांगून नेला पोराला.

एकोणऐंशी सालच्या मार्चमध्ये, बुधवारी, संध्याकाळच्या सव्वापाचला त्या गोदामाला आग लागली. फोमच तो, काडी लागल्यावर काय होणार. पुढच्या दारात जाळ, मागचं शटर कुलपात. आतले सात जण गेले. त्यात हरिश्चंद्र होता. विजय मागच्या शटरला आतून टेकून बसलेला सापडला. हात शटरवर.

गुरू वाचला. तो त्या वेळी सह्या घ्यायला ऑफिसात गेला होता. चाव्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, मॅनेजरकडे होत्या, असं त्याने सांगितलं. "विजय जागेवर होता रे दिनू," तो म्हणाला, "माझ्यासमोर होता. पोरगा शेवटपर्यंत जागेवर होता." तेराव्याला खोलीत सगळ्यांना जेवण गुरूने रांधून घातलं. ताटं त्याने एकट्याने घासली, कुणाला हात लावू दिला नाही.

पण गोदामातून जे वाचले त्यातला कुणी सुट्टीवर गेला आणि गावाकडे बोलला. काय बोलला, तर त्याच दिवशी शेजारच्या फ्रिजांच्या शोरूमचं उद्घाटन होतं, त्याला मुंबईचा हिरो दिलराज आला होता, आणि वॉचमन गेट सोडून हिरो बघायला पळाला. म्हणून शटर उघडायला कुणी नव्हतं.

वाडी ती केवढी. सुमनकाकू भांडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. तिने फक्त विहिरीवर यायची वेळ बदलली. आई सकाळी जायची, तर काकू दुपारी उन्हात जायला लागली. चाळीस वर्षं दोघींनी एकमेकींच्या डोक्यावर हंडे चढवले होते.

दीनानाथ दर दोन-चार महिन्यांनी विचारायचा, "गुरू, तो खरंच गेला नव्हता ना?"

"लोकांची तोंडं आहेत दिनू. तू मला विचार. मी तिथे होतो."

"मग आईला पुन्हा एकदा लिही."

आणि गुरू लिहायचा. इतकं सुंदर लिहायचा की लिहून झाल्यावर वाचून दाखवताना त्याचाच आवाज बसायचा.

माणसं आपल्याकडची मेली म्हणून दिल्लीहून एक चौकशी समिती आली होती. एक म्हातारा न्यायाधीश, दोन कारकून. महिनाभर साक्षी घेऊन गेली. साक्षीदारांना त्रास नको म्हणून नावं न घालता नंबर घातले होते. पुढे तीन वर्षं काही नाही. आणि ब्याऐंशी साली अचानक ते कागद खुले केले, ज्याला पाहिजे त्याने नक्कल मागवावी.

ही बातमी खोलीत आणली बाळासाहेबाने. हा नाशिकचा, एसीचा मेकॅनिक, तोंडाने फटकळ. तो सुट्टीवरून मुंबईच्या पेपरचं कात्रण घेऊन आला. आगीत मेलेल्या सात माणसांची नावं त्यात नव्हती. वर जाड अक्षरात छापलं होतं, 'कुवेतच्या आगीच्या चौकशीत दिलराजचं नाव'.

"घ्या," बाळासाहेब म्हणाला, "आपला गुरू लटकला. दिलराजचा दोस्त ना हा."

सगळे हसले, कारण गुरूच्या गादीच्या वर भिंतीला दिलराजचा फोटो होता. गुरू मध्ये, दिलराजचा हात त्याच्या खांद्यावर, मागे रंगीत फिती, खाली दिलराजची सही. तोही बाळासाहेबानेच लावलेला. त्या शोरूमचे एसी तो बघायचा, तिथे सही होऊन आलेल्या फोटोंच्या ढिगात त्याला तो सापडला, आणि त्याने काच बसवून आणला. गुरू तेव्हा म्हणाला होता, "कशाला भिंती खराब करता. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तो तयारी बघायला आला होता, तेव्हा कुणीतरी काढला असेल." सगळ्यांना वाटलं, बघा, एवढा हिरो खांद्यावर हात ठेवून उभा आणि ह्याला मिरवायचं नाही. माणूस असावा तर असा.

नक्कल दीनानाथने मागवली. त्याच्या बसमधून येणारी सुगराआपा, हर्णैची, वॉर्डातली जुनी नर्स, तिचा भाऊ दिल्लीत होता. त्याने मिळवून पाठवली. एकशेबारा पानांचा गठ्ठा, शाई फुटलेली. दीनानाथने तो न उघडता खोलीत आणला आणि शुक्रवारी चहा झाल्यावर गुरूच्या मांडीवर ठेवला.

"वाच."

गुरूने पानं चाळली. चांगला वेळ चाळली. मग त्याने घसा साफ केला. "हे बघ, पान एकसष्ट. 'चित्रनट दिलराज शेजारच्या शोरूमला आल्याचं कळलं.' आलं बघा नाव."

"सरकारी पुस्तकात?" बाळासाहेब पुढे सरकला. "दाखव, कुठे? डी, आय, एल. च्यायला, खरंच की."

मग काय, ते पान खोलीभर फिरलं. ज्याला इंग्रजी येत नव्हतं त्यानेही ते उजेडाला धरून बघितलं. बाळासाहेबाने दिलराजचा आवाज काढून साक्ष दिली, "न्यायाधीश महाराज, आग माझ्या डोळ्यांत आहे, गोदामात नाही." लोक गादीवर लोळून हसले. दीनानाथही हसला थोडा. मग त्याने विचारलं, "विजयचं काय लिहिलंय?"

"विजयचं काही नाही रे. नावच नाही त्याचं. म्हणजे दोष नाही. शॉर्ट सर्किट, आणि कंपनीचा हलगर्जीपणा. सुटला तुझा विजय."

"नावच नाही?"

"नाही ना. चांगलंच आहे की."

आता हे ऐकून माणसाला बरं वाटायला पाहिजे. दीनानाथला वाटलंही, जेवणापर्यंत. घटकाभर फीत कापायला आलेल्या माणसाचं नाव छापलं, आणि शटरला हात लावून मेला त्याचं नाव एकशेबारा पानांत कुठेच नाही? नुसतं मेलेल्यांच्या यादीत तरी असेल. ती ओळ मिळाली असती तर कापून आईला पाठवली असती. तिने सुमनकाकूला दाखवली असती, की बघ बाई, सरकारने लिहिलंय, आणि वाईट काही लिहिलेलं नाही.

एवढ्यासाठी, एका ओळीसाठी, रविवारी त्याने गठ्ठा बसमध्ये घेतला. दुपारच्या पाळीच्या नर्सा उतरल्या, सकाळच्या यायला अर्धा तास होता. सुगराआपा नेहमी लवकर येऊन पुढच्या सीटवर पाय पसरून बसायची. बाहेर ऊन एवढं की गाडी बंद करायची सोय नाही, इंजिन चालू.

"आपा, ह्यात विजयचं नाव कुठे आहे का बघा ना. विजय भुवड. गुरू म्हणतो नाही, पण घाईत सुटलं असेल."

आपाने चष्मा लावला. तिला सवय, पेशंटचे कागद भराभर बघायची. मेलेल्यांची यादी लगेच सापडली, शेवटी होती, त्यात विजय होता, तिसरा. दीनानाथ खूश झाला. "ही ओळ चालेल. ह्या पानाची—"

"थांब," आपा म्हणाली. ती पानं उलटत मागे मागे येत होती. "आणखी पण आहे." आणि मग तिने तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून बघितली.

"काय?"

"भाऊ, तुला कुणी वाचून दाखवलं हे?"

"गुरूने. एकसष्ट पान. दिलराजचं."

"एकसष्टच. त्याच ओळीत आहे." तिने बोट ठेवलं आणि सावकाश, एकेक शब्द मराठी करून वाचलं. "साक्षीदार नंबर सातने सांगितलं, की चित्रनट दिलराज शेजारच्या शोरूमला आल्याचं कळलं तेव्हा, वॉचमन विजय भुवड हा मागच्या शटरच्या चाव्या त्याच्याकडे दिलेल्या असताना जागा सोडून तिकडे गेला. तो बहुधा उशिरा परतला."

दीनानाथने गिअरच्या दांड्यावर हात ठेवला, नुसताच.

"पुन्हा वाचा."

तिने पुन्हा वाचलं. गुरूने अर्धी ओळ वाचली होती. दिलराजपाशी थांबला होता, बरोब्बर.

"साक्षीदार सात कोण?"

"नाव नाही लिहिलेलं. 'माल विभागाचा कर्मचारी' म्हटलंय." आपाने पान उलटलं. "त्या दिलराजचीच चौकशी केलीय इथे, त्याच्या गर्दीने बंब अडला का म्हणून. बुधवारी तीनच्या विमानाने उतरला, पाच ते पाच-वीस शोरूमला, रात्रीच्या विमानाने परत. त्याच्या आधी कधी इथे आला नव्हता. आणि हे, मागच्या शटरचा, लाल बिल्ल्याचा चाव्यांचा जुडगा शेवटपर्यंत सापडला नाही."

"आधी कधी नाही? मंगळवारी?"

"मंगळवारी नव्हता भाऊ इथे. विमानाचं तिकीट जोडलंय बघ."

नर्सा यायला लागल्या. दीनानाथने बस व्यवस्थित हॉस्टेलला नेली, सगळ्यांना उतरवलं, वळवली, पार्क केली. मग खोलीवर गेला. खोलीत कुणी नव्हतं. गुरूच्या गादीवर चढून त्याने फोटो बघितला.

तीन वर्षं तो फोटो भिंतीवर होता. सात माणसं रोज त्याच्याखाली जेवत होती. आलागेला प्रत्येक जण त्याच्यापुढे उभा राहून गेला होता, आणि प्रत्येकाने दिलराजचे केस बघितले, दिलराजची कॉलर बघितली, सही बघितली. गुरूच्या कमरेकडे कोण बघतंय. पट्ट्याला जुडगा लोंबत होता, आणि फोटो रंगीत असल्यामुळे बिल्ला लाल दिसत होता.

दीनानाथ तसाच गादीवर उभा राहिला. बूट काढलेले नव्हते हेही त्याच्या लक्षात आलं नाही.

मारामारी करावी असं त्याच्या मनात आलंच नाही म्हटलं तर खोटं होईल. पाच दिवस आलं. गुरू रात्री पाणी प्यायला उठला तरी ह्याच्या मुठी वळायच्या. पण त्याने शुक्रवारची वाट बघितली.

शुक्रवारी चहा झाला. गुरू मांडी घालून बसला. दीनानाथ जवळ जाऊन बसला.

"आईला पत्र लिहायचंय."

"बोल." गुरूने पॅड घेतलं, तारीख घातली, 'ती. आईस शिरसाष्टांग नमस्कार' हे त्याने न सांगताच लिहिलं.

"लिही. चौकशीचे कागद आले."

गुरूने लिहिलं.

"एकसष्ट पानावर विजयचं नाव आहे."

गुरूचं पेन चाललं, थांबलं. "दिनू—"

"लिही ना. सात नंबरचा एक साक्षीदार आहे. त्याने सांगितलं, विजय चाव्या घेऊन हिरो बघायला गेला. हे तो सांगत होता तेव्हा विजयला जाळून पंधरा दिवस झाले होते. लिहिलंस?"

"बाकीचे आहेत खोलीत," गुरू हळू म्हणाला.

"ते ऐकत नाहीत. रीत आहे आपली."

बाळासाहेब दाढी करत होता. त्याचा ब्रश गालावरच थांबला होता. बाकीचेही कुणी हलत नव्हते.

"पुढे लिही. आई, चाव्या कुणाकडे होत्या ते ह्या फोटोत दिसतं." दीनानाथने हात वर करून फोटो खिळ्यावरून काढला आणि पॅडवर ठेवला. "दिलराज मंगळवारी इथे नव्हता, गुरू. बुधवारी वीस मिनिटं होता. एवढी वीस मिनिटं."

गुरूने फोटोकडे बघितलंच नाही. पेनाचं टोपण शोधत राहिला, ते त्याच्याच हातात होतं.

"पाच मिनिटं म्हणून गेलो होतो," तो म्हणाला. "विजयच म्हणाला, गुरूदा, जा, मी बघतो गेट. माझ्यासाठी पण एक सही आण म्हणाला. चाव्या कमरेला आहेत हे लक्षातच नाही आलं रे. धूर दिसला तेव्हा धावलो. पुढून जाता येईना."

"चाव्या कुठे आहेत?"

"समुद्रात."

"आणि साक्ष?"

"त्यांनी विचारलं चाव्या कुणाकडे. मला तुरुंगात टाकलं असतं दिनू. माझ्या दोन मुली आहेत. विजय तर गेलाच होता, त्याला काय फरक पडणार होता?"

"आईला पडला."

"म्हणून तर दर महिन्याला लिहीत होतो." गुरू आता रडत होता, आणि ते रडणं खोटं नव्हतं, हेच दीनानाथला सोसवेना. "एक महिना चुकवला नाही. जीव ओतून लिहिलं."

"माझ्या नावाने लिहिलंस. 'तो जागेवर होता' हे माझ्या तोंडी घातलंस आणि 'नव्हता' हे तिकडे सहीने दिलंस. आई म्हणते दिनू पत्रात शहाणा होतो. तीन वर्षं ती तुझ्याशी बोलत होती, गुरू, तिला काय ठाऊक." दीनानाथने पॅड त्याच्या गुडघ्यावर नीट ठेवलं. "आजवर सगळ्यांची पत्रं लिहिलीस. आता एक तुझं लिही. सुमनकाकूला. तुझ्या नावाने."

गुरूने पेन कागदावर टेकवलं. त्या हातातून एरवी दोन पानं धडाधड उतरायची. त्याने 'सौ.' लिहिलं, मग खोडलं, कारण काकू विधवा होती. मग पेन खाली ठेवलं.

"नाही होत," म्हणाला. "मुलींची लग्नं व्हायचीत. हे कागदावर नको. तू म्हणशील ते दुसरं काहीही करतो."

बाळासाहेब उठला. अर्ध्या गालाला साबण तसाच. त्याने गुरूची पत्र्याची ट्रंक ओढून दाराशी नेऊन ठेवली आणि पुन्हा येऊन आरशासमोर बसला.

गुरू जहरा भागात कुणा ओळखीच्याकडे राहायला गेला. जाताना त्याने फोटो मागितला नाही.

पत्र दीनानाथने स्वतः लिहिलं. तीन शुक्रवार लागले. छापील अक्षरं बघून बघून एकेक काढलं, वेलांट्या जिथे जमल्या तिथे. एवढंच लिहिलं: 'आई. विजय गेटवर होता. चाव्या गुरूकडे होत्या. फोटोत कमरेला बघ. लाल. काकूला दाखव. हे मी लिहिलं. दिनू.' काच काढली, फोटो पुठ्ठ्यात घातला, रजिस्टर केलं. वाटेत कुणी दिलराजची सही बघून लांबवायला नको.

दीड महिन्याने उत्तर आलं. विजयच्या बायकोने, लताने लिहिलेलं. शुक्रवारी सगळे खोलीत होते. कुणाला वाचून दाखव म्हणायची सोय नव्हती, आणि त्याला द्यायचंही नव्हतं. गुरूची गादी रिकामी होती, तिच्यावर न बसता तो दारापाशी उजेडात बसला आणि बोट ठेवलं.

'भावजी, मोठ्या अक्षरात लिहिते, म्हणजे तुम्हाला वाचता येईल. पत्र मिळालं. आधी आई मानेनातच, की हे तुमचं आहे. म्हणाल्या, दिनूचं अक्षर असं नाही. समजावलं तेव्हा खूप रडल्या. विजयसाठी रडल्या आणि त्या जुन्या पत्रांसाठी पण. ती सगळी पेटीत ठेवली होती, ती काढून चुलीत घातली.

'फोटो वाडीत फिरला. जो तो दिलराजला बघत होता. पोरांनी बोटं लावून काळा केला. आईंनी सुमनकाकूंच्या घरी नेला. काकूंना दिलराज कोण ते ठाऊक नाही. त्यांनी विचारलं, ह्या माणसाच्या कमरेला चाव्या कसल्या? आईंनी सांगितलं.

'काकू आता सकाळी विहिरीवर येतात. बोलत नाहीत अजून. पण हंडा चढवू देतात.

'फोटो त्यांनी ठेवून घेतला आहे. परत मागितला तर देत नाहीत.'

दीनानाथने शेवटच्या ओळीवरून बोट दोनदा फिरवलं. मग कागदाची घडी घालून खिशात ठेवली, आणि पायात चपला अडकवून वही-पेनांच्या दुकानात निघाला, पॅड आणायला. खोलीतलं पॅड गुरूचं होतं.